बाहेरची बाजू

आण्णा पेपरावर पाय ठेवायला सांगतात
आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवतात.
आजचा पाय चिसोमोचा, मलावीचा,
एकाही दुकानातल्या वहाणेत न मावलेला.
पेपरात खाली लग्नाच्या जाहिराती:
गोरी, सुस्वरूप, उंच.
पेन्सिल त्यांच्यावरून गेली, आण्णांना चष्मा नव्हता.
मी वाचलं.
त्या रकान्यात मीही कधी मावले नाही.
आई साय-हळद लावून लावून थकली,
शेवटी म्हणाली, सुवार्ता, तू आपलं बी.एड. कर.

चिसोमोनं राजारामपुरीत चार खोल्या बघितल्या.
फोनवर रिकाम्या होत्या,
दारात गेल्यावर भरल्या.
आण्णा हसले. बरं हसू नव्हतं ते.
"आम्हाला निदान आडनाव इचारत्यात.
तुला तेवढंबी इचारायला लागत न्हाई."
मी मधे बसून भाषांतर करत होते,
या वाक्याला फार वेळ लागला.

गावची देवी काळ्या पाषाणाची,
पहाटेपासून रांग असते तिच्यापुढं.
काळा देव चालतो इथं.
काळा भाडेकरू चालत नाही.
आणि आमच्या चर्चमधे उलटं:
बाकांवर सगळी काळीसावळी माणसं,
भिंतीवरचा तेवढा गोरा,
मिशनच्या वेळचा,
कडब्याच्या रंगाचे केस, निळे डोळे.
पुराच्या वर्षी ओल भिंतीतून वर चढली,
हनुवटी, गाल, मग कपाळ.
आता तो काळवंडलाय.
कमिटीनं पेंटर ठरवलाय, अकरा हजारांत.
वर्गणीची वही माझ्याकडं आहे.

चहा आला तेव्हा आण्णांनी कातडं उलटं केलं.
चाळीस वर्षं हिरडा-बाभळीत बुडलेला हात
त्याच्यावरनं फिरवत म्हणाले,
"बघ पोरा, आतल्या बाजूनं सगळी सारखीच.
म्हशीचं, बैलाचं, तुझं, माझं."
मला वाटलं, झालं, इथं संपलं.
रविवारच्या उपदेशाचा शेवट असाच असतो.

चिसोमोनं कप खाली ठेवला.
आणि ते कातडं, आण्णांच्या मांडीवरचं,
परत सुलटं केलं.
दोन वर्षांच्या मोडक्या मराठीत,
मला न विचारता, म्हणाला:
"आतून सारखे, नको सांगू.
मार बाहेर पडतो.
खोली बाहेर बघून नाही मिळत.
देव आला तर
या बाजूला आला पाहिजे."

कुणी बोललं नाही.
शेजारी कुणाची तरी हातोडी चालू होती.
मग आण्णा, जे प्रार्थनेतही देवाला अहो-जाहो करतात,
हळूच म्हणाले, "म्हंजे फारोनं ज्यांच्या पाठी फोडल्या
त्यांच्या पाठीकडनं."
"हो," चिसोमो म्हणाला. "पाठीकडून.
मधे उभा राहणारा देव
फारोच्या कामाचा."

मी वर्गणीची वही उघडली.
सदतीस नावं, त्यात माझं पहिलं,
पाचशे एक, माझ्याच अक्षरात.
चिसोमो म्हणजे कृपा, त्यानं सांगितलं होतं.
आमच्याकडं कृपेला फुकट मिळालेली म्हणतात.
मला त्या दिवशी ती पाचशे एकला पडली:
नाव खोडलं,
रकमेसकट.

आण्णा तळ शिवताना थांबले.
"विंचू घालू का आत?"
मी समजावून सांगितलं, विंचू म्हणजे
आत दडवलेला तुकडा,
पाऊल टाकलं की करकर वाजतं.
घरमालकांच्या जिन्यात आवाज नको
म्हणून दोन वर्षं चवड्यांवर चालणारा तो
बराच वेळ वहाणेकडं बघत राहिला.
"दोन्हीत घाला," म्हणाला.

रंग लावला नाही आण्णांनी.
तेल प्यायलं की आपोआप काळी हुईल म्हणाले,
जितकी वापरशील तितकी.

रविवारी दुसरं गीत चालू असताना
दारातून आवाज आला.
माना वळल्या.
पाळकबाईंनी पेटीवरची बोटं उचलली.
तो सगळा मधला रस्ता चालत आला, करकर, करकर,
पहिल्या बाकापर्यंत,
ओलीनं काळ्या झालेल्या त्या तोंडासमोर.
पेंटर बुधवारी येणार आहे.
अजून कुणी त्याला नको म्हणून कळवलेलं नाही.
फोन माझ्या हातात आहे.